ठेवीचा धर्म: मठ-मंदिरांच्या वेबसाइटला जागा कोणाकडे घ्यावी

मठ, देवस्थान किंवा सार्वजनिक वाचनालय वेबसाइट उभी करते, तेव्हा तिचा मजकूर संस्थेच्या स्वतःच्या वास्तूत राहत नाही. उत्सवाची पत्रिका, देणगीदारांच्या याद्या, जुन्या स्मरणिका, प्रवचनांची ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे हे सारे कोणा कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसते. तो सर्व्हर नवी मुंबईत असेल, सिंगापुरात असेल, नाहीतर अमेरिकेत. या जागेचे भाडे बहुधा वर्षाचे एकदम भरायचे असते आणि जागा देणाऱ्याला होस्टिंग कंपनी म्हणतात. कोणती कंपनी घ्यावी हे साधारणपणे संगणकातले कळणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्यावर सोपवले जाते. तो दर पाहतो, सवलत पाहतो आणि विषय संपतो. पण जे ठेवायचे आहे ते त्या कार्यकर्त्याचे नसते, विश्वस्तांचेही नसते. दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याच्या हाती कशी द्यावी, हा धर्मशास्त्रातला फार जुना प्रश्न आहे, आणि त्याला दिलेली उत्तरे आजच्या होस्टिंगच्या करारापुढे ठेवून पाहिली की बऱ्याच गोष्टी उघड होतात.

आधी वस्तू कोणती ते पाहावे लागते. वर्डप्रेस (२००३), जूमला (२००५) किंवा द्रुपल (२००१) यांसारख्या प्रणालीवर चालणाऱ्या वेबसाइटचे दोन भाग असतात. एक फाइलींचा: प्रणालीचा प्रोग्रॅम, थीम, प्लगइन आणि चढवलेली छायाचित्रे. दुसरा डेटाबेसचा, ज्यात लिहिलेला सगळा मजकूर, तारखा, नोंदणी केलेल्यांची नावे असतात. यांपैकी प्रणालीचा प्रोग्रॅम मुक्त परवान्याचा आहे, तो कोणीही केव्हाही पुन्हा उतरवून घेऊ शकतो. हरवला तर काही बिघडत नाही. चढवलेली छायाचित्रे आणि डेटाबेस मात्र जगात दुसरीकडे कुठेच नसतात. खरी ठेव ती एवढीच. याशिवाय डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, ही वेगळी वस्तू आहे. ती होस्टिंगसोबत एकाच बिलात मिळत असली तरी तिची नोंद वेगळी असते आणि ती वेगळी हलवता येते. ‘.इन’ने संपणारी नावे निक्सी या संस्थेच्या नोंदवहीत असतात, ‘.भारत’ने संपणारी देवनागरी नावेही २०१४ पासून तिच्याच नोंदवहीत असतात. सवलतीत मिळाले म्हणून नाव आणि जागा एकाच ठिकाणी अडकवून ठेवणे सोयीचे वाटते. ते का टाळावे, हे पुढे येईल.

स्मृतिग्रंथांनी न्यायालयापुढे येणाऱ्या वादांचे अठरा प्रकार मोजले. मनुस्मृतीत त्यांतला पहिला कर्जाचा आणि दुसरा ठेवीचा आहे. वारसा, सीमा, चोरी, मारहाण यांच्याही आधी ठेव येते, यावरून त्या काळच्या व्यवहारात तिचे स्थान काय होते ते दिसते. यात्रेला निघालेला, परदेशी व्यापाराला जाणारा, राजभयाने गाव सोडणारा माणूस आपली वस्तू कोणाच्या तरी घरी ठेवून जात असे. याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणारे विज्ञानेश्वर चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी राजधानीत होते. आजचे बसवकल्याण हे ते गाव, महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच. अकराव्या-बाराव्या शतकातला हा ग्रंथ इंग्रजी अमदानीतही मराठी मुलखातल्या हिंदू कायद्याचा मुख्य आधार राहिला, आणि ठेवीचे त्याने केलेले बारकावे अजून वाचण्यासारखे आहेत.

त्यात ठेवीचे प्रकार येतात. आत काय आहे ते न सांगता पेटीत बंद करून दिलेली ठेव वेगळी, आणि समक्ष मोजून दिलेली वेगळी. घरधन्याच्या पाठीमागे घरातल्या माणसाच्या हाती दिलेली आणखी वेगळी. चौथा प्रकार, अन्वाहित, सर्वांत मनोरंजक. एकाकडे ठेवलेली वस्तू त्याने पुढे दुसऱ्याकडे ठेवली, मूळ धन्याला दे असे सांगून, तर तिचा हिशेब कसा लावायचा? उत्तर असे की तिलाही ठेवीचेच नियम लागू. होस्टिंगच्या बाजारात यांतले तीन प्रकार तरी आज हयात आहेत. कुलूपबंद करून, म्हणजे सांकेतिक करून, दूर ठेवलेला बॅकअप पहिल्या प्रकारात मोडतो. कंपनीला त्यात काय आहे ते कळतच नाही. रोज चालणारी वेबसाइट दुसऱ्या प्रकारात, कारण कंपनीचा माणूस ठरवले तर डेटाबेस उघडून वाचू शकतो. आणि अन्वाहित तर सर्रास आहे: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या वेबसाइट बनवणाऱ्याने जागा मुंबईच्या पुनर्विक्रेत्याकडून घेतलेली असते, त्याने ती मोठ्या कंपनीकडून, आणि मोठ्या कंपनीने यंत्रे तिसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेली असतात. मठाच्या कार्यवाहांना यातला फक्त पहिला माणूस माहीत असतो.

मनुस्मृती ठेव कोणाकडे ठेवावी याचेही निकष देते. कुलीन, आचरणाने चांगला, धर्म जाणणारा, खरे बोलणारा, पाठीशी मोठा गोतावळा असलेला आणि धनवान अशाकडे ठेवावी. यातले पहिले कलम कोल्हापुरात वाचताना अडखळायला होते, आणि अडखळावेच. ज्या संस्थानात १९०२ मध्ये मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा जाहीरनामा निघाला आणि जिथल्या माणगावात १९२० मध्ये शाहू महाराज व डॉ. आंबेडकर एका व्यासपीठावर आले, तिथे कुळावरून विश्वास ठरवण्याचे काही कारण उरत नाही. तो निकष व्यवहारातही फसवा आहे. नामांकित घराण्याच्या जागी आता नामांकित ब्रँड आला आहे, आणि ब्रँड विकला जातो. १९९८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या डिरेक्टी समूहाचा होस्टिंग व डोमेनचा व्यवसाय, बिगरॉकसह, २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स कंपनीकडे गेला. ग्राहकांना नाव तेच दिसत राहिले, मालक बदलला. यात गैर काही नाही. पण नाव पाहून विश्वास ठेवणाऱ्याने तो नेमका कोणावर ठेवला, हे त्यालाच सांगता येणार नाही.

बाकीचे निकष मात्र आजही चालतात. गोतावळा म्हणजे ज्यांच्या दाराशी जाऊन दाद मागता येईल अशी माणसे. आजच्या भाषेत, तक्रार केल्यावर फोन उचलणारा आणि भारतात नोंदणी असलेला व्यवसाय. धनवान म्हणजे वर्षभरात दिवाळे न काढणारा. खरे बोलणारा हा निकष तर जाहिरातीशीच भिडतो. ‘अमर्याद जागा’ असे मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्या बहुतेक करारांत खाली बारीक अक्षरांत फाइलींच्या संख्येची, प्रोसेसरच्या वापराची आणि डेटाबेसच्या आकाराची मर्यादा असते. पहिल्या वर्षाचा दर आणि नूतनीकरणाचा दर यांत दुपटी-तिपटीचा फरक असतो. सत्य लपवलेले नसते, फक्त दुसऱ्या पानावर असते.

पण या परंपरेतला सर्वांत उपयोगी नियम निवडीचा नाही, परतीचा आहे. ज्या रूपाने वस्तू दिली त्याच रूपाने ती परत घ्यावी, असे मनुस्मृती निकषांच्या लगेच पुढे सांगते. मोहर लावून दिली तर मोहरेसह, मोजून दिली तर मोजून. वेबसाइटला हा नियम लावला तर प्रश्न असा होतो: मठाने वर्डप्रेसचा डेटाबेस आणि फाइली दिल्या, तर निघून जाताना त्याच रूपात त्या मिळतील का? सी-पॅनेल हे नियंत्रणाचे साधन असलेल्या साध्या होस्टिंगवर याचे उत्तर होय असते. एक फाइल उतरवून घेतली की सारे हातात येते. याउलट जिथे प्रणालीच कंपनीची असते, चौकटी ओढून पाने तयार करण्याची सोय असते, तिथे मजकूर परत मिळाला तरी बहुधा सुटे लेख आणि सुटी चित्रे मिळतात. वेबसाइट म्हणून ती पुन्हा उभी राहत नाही. दिले एका रूपात, परत आले दुसऱ्या रूपात. स्मृतिकारांच्या दृष्टीने ही ठेव पुरती परत केली असे होत नाही. होस्टिंगचा दर, वेग, जागा या सगळ्यांच्या आधी हा एकच प्रश्न विचारावा, आणि करार करण्याआधी एकदा परत घेऊनच पाहावे. चाचणीची वेबसाइट चढवून, तिचा बॅकअप उतरवून, तो दुसऱ्या संगणकावर उघडतो का ते पाहायला एक दुपार पुरते.

ठेव हरवली तर काय, यावर याज्ञवल्क्याचा नियम मोजका आहे. राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोराने पळवली, तर ठेव सांभाळणारा भरपाई देणे लागत नाही. मनुस्मृती चोरासोबत पाणी आणि आगीचे नाव घेते. अट एवढीच की त्याने स्वतः त्यातले काही घेतलेले नसावे, आणि धन्याने आधी परत मागितलेली नसावी. मागूनही दिली नाही आणि मग गेली, तर किंमत भरावी लागते, वर तेवढाच दंड. आणि ठेव परवानगीवाचून स्वतःच्या फायद्यासाठी वापरली, तर शिक्षा होते आणि वाढीसह परत द्यावी लागते.

होस्टिंग कंपन्यांचे करार वाचले तर हीच तीन कलमे त्यात सापडतात, फक्त नावे वेगळी: शासनाचा आदेश, नैसर्गिक आपत्ती, हॅकिंग. म्हणजे ज्या तीन कारणांनी मजकूर जाण्याची खरी भीती असते, नेमक्या त्या तिन्हींत भरपाई नाही. इतर बाबतींतही नुकसानीची कमाल रक्कम बहुधा भरलेल्या शुल्काएवढीच ठरवलेली असते. भारतीय करार कायदा, १८७२ मधली ठेवीची कलमे सांभाळणाऱ्याने सामान्य शहाण्या माणसाइतकी काळजी घ्यावी असे सांगतात. पण ती मालाला लागू आहेत, आणि डेटाबेस म्हणजे माल का, हा वाद घालायला छोट्या देवस्थानाकडे ना वेळ असतो ना पैसा.

कोल्हापूरला ही तिन्ही कारणे ग्रंथातून शिकावी लागत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला, शहराचा मोठा भाग विजेवाचून होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. मठाच्या कार्यालयातच एक संगणक सर्व्हर म्हणून ठेवावा, मग कोणावर विसंबायला नको, ही कल्पना स्वावलंबनाची म्हणून मोह घालते. पण पंचगंगेच्या खोऱ्यात ती तळमजल्यावर ठेवलेल्या दप्तरासारखी आहे. दूरचे डेटा सेंटर म्हणजे सुरक्षित असेही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीचे एक डेटा सेंटर जळून खाक झाले. ज्या ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचे मूळही गेले आणि प्रतही गेली. राजाचे कारण म्हणाल तर जून २०२३ मध्ये तणावाच्या वेळी कोल्हापुरात इंटरनेट सेवा स्थगित झाली होती. वेबसाइट तेव्हा जगाला दिसत होती, गावातल्या मोबाइलवर दिसत नव्हती. शासनाने एखादी वेबसाइटच बंद करण्याचा आदेश दिला तर होस्टिंग कंपनीला तो पाळावा लागतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० तिला मध्यस्थ मानतो, धनी नव्हे. चोराचे कारण सर्वांत नित्याचे. वर्डप्रेस वेबसाइटमध्ये घुसणारे बहुधा वर्षानुवर्षे अद्ययावत न केलेल्या प्लगइनमधून घुसतात, आणि त्यात होस्टिंग कंपनीचा दोष क्वचितच असतो.

यातून निघणारे काम साधे आहे. तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक वेगळ्या गावी असावी. कंपनी रोज बॅकअप घेते म्हणून सांगत असली तरी तो तिच्याच घरातला असतो. ज्या तीन कारणांत ती जबाबदार नाही त्या तिन्हींत तोही जातो. म्हणून एक प्रत मठाच्या स्वतःच्या हातात, कुलूपबंद, दर महिन्याला, आणि कार्यालयातल्या लोखंडी कपाटात नव्हे.

आता ठेवीचा धनी कोण, याकडे वळले पाहिजे, कारण अर्धे घोटाळे इथेच होतात. वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलेले असते, होस्टिंगचे खाते त्याच्या ईमेलवर असते, आणि तो गाव सोडून गेला किंवा त्याचे विश्वस्तांशी बिनसले की नाव आणि मजकूर दोन्ही त्याच्या मर्जीवर राहतात. लबाडीपेक्षा हे आळसातून घडते, म्हणून ते जास्त घडते. हिंदू कायद्यात मूर्ती ही स्वतः कायदेशीर व्यक्ती मानली जाते. मालमत्ता तिची, पुजारी आणि विश्वस्त केवळ सांभाळणारे. कलकत्त्याच्या मलिक कुटुंबातल्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये याचा पुढचा टप्पा गाठला. पूजेची पाळी ज्याच्याकडे असेल त्याने कुलदैवत आपल्या घरी न्यावे की नेऊ नये, हा वाद होता. निकाल असा की देव कुठे राहणार याबाबतही देवाच्या इच्छेला मान आहे, आणि ती इच्छा मांडायला पाळीशी हितसंबंध नसलेला प्रतिनिधी हवा. जागा हा व्यवस्थापनाचा किरकोळ तपशील नाही, असे या निकालाने मानले.

कोल्हापुरात याचे जुने उदाहरण आहे. आक्रमणांच्या काळात अंबाबाईची मूर्ती मंदिरातून हलवून एका पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती, असे इतिहास सांगतो. १७१५ मध्ये, दुसऱ्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, तिची मंदिरात पुन्हा प्रतिष्ठापना झाली. इतकी वर्षे घरात राहूनही ती त्या घराची झाली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ताबा आणि स्वामित्व यांतली रेघ गावाला ठाऊक होती, आणि परत मागणारी सत्ता उभी राहताच ठेव परत आली. वेबसाइटच्या बाबतीत गावाला काहीच ठाऊक नसते. म्हणून डोमेन न्यासाच्या नोंदणीकृत नावावर, न्यासाच्या ईमेलवर, आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीसारखी हजारो देवळे सांभाळणारी मोठी यंत्रणा असो वा गल्लीतले तालीम मंडळ, नियम बदलत नाही.

धनी ठरला, परतीची वाट ठरली, तरी निघून जाणे सोपे होतेच असे नाही. कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण याची साक्ष देते. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी शाहू महाराजांसाठी वेदांतले नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे निदर्शनास आले. महाराजांनी वेदोक्त विधी मागितले, राजघराण्याचे पुरोहित असलेल्या राजोपाध्यांनी नकार दिला. वरकरणी पाहता बळ सारे राजाकडे होते: वतन त्याने दिलेले, उत्पन्न त्याच्या खजिन्यातून. तरीही सेवा देणाऱ्याने अट घातली आणि राजा अडला, कारण ती विद्या दुसरीकडे सहज मिळण्याजोगी नव्हती. १९०२ मध्ये राजोपाध्यांचे वतन काढून घेण्यात आले. पण वाद तेवढ्याने सुटला नाही. तो सुटायला विद्या स्वतःकडे यावी लागली: सत्यशोधक पद्धतीने स्वतःचे विधी स्वतः करण्याची चळवळ, बहुजनांतून पुरोहित घडवणारे वैदिक विद्यालय, आणि १९२० मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात क्षात्र जगद्गुरूंच्या पीठावर सदाशिवराव पाटील बेनाडीकर यांची नेमणूक. पुरवठादार बदलण्याचा अधिकार आणि तो बदलण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी शिकून मिळवावी लागते. होस्टिंगमध्येही सर्व कळा कंपनीच्या हाती असलेली ‘व्यवस्थापित’ सेवा महाग असली तरी सोयीची असते. पण संस्थेत निदान एका माणसाला डेटाबेस उतरवणे, चढवणे आणि डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवणे येत नसेल, तर करारातला सोडून जाण्याचा हक्क कागदावरच राहतो.

आणखी एक प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यात २०२५ मध्ये रस्त्यावर आला. शिरोळ तालुक्यातल्या नांदणी येथील जैन मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आली. नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली, आणि त्याच लाटेत अनेकांनी जिओचे सिमकार्ड सोडून आपला नंबर दुसऱ्या कंपनीकडे वळवला, कारण वनतारा आणि जिओ दोन्ही एकाच उद्योगसमूहाशी जोडलेले. हत्तिणीच्या हिताचा निवाडा इथे करायचा नाही. त्यावर न्यायालयांत पुष्कळ युक्तिवाद झाला आहे. धार्मिक प्रश्न वेगळा आहे: सेवा विकत घेणारा हा विकणाऱ्याच्या इतर कृत्यांत किती सहभागी असतो?

जैन आचारशास्त्राने याचे मोजमाप फार सूक्ष्म केले आहे. हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि होत असलेलीला अनुमोदन देणे हे तीन, आणि ते मनाने, वाणीने, कायेने, म्हणजे नऊ वाटा. मुनीने नऊही वाटा बंद करायच्या; श्रावकाकडून तेवढी अपेक्षा नाही, कारण प्रपंच करणाऱ्याला ते शक्यच नसते. दरमहा पैसे भरणे हे अनुमोदन की केवळ व्यवहार? ज्या कृत्यासाठी पैसे दिले तेच आक्षेपार्ह असेल तर उत्तर सोपे आहे. कंपनीच्या मालकाचे दुसरे काही उद्योग आक्षेपार्ह असतील तर साखळी लांबत जाते, आणि शेवटी समुद्रातल्या केबलपर्यंत कोणीच स्वच्छ उरत नाही. श्रावकाची मर्यादा इथे कामाची आहे: जिथपर्यंत आपल्याला कळते आणि जिथपर्यंत बदल आपल्या हातात आहे, तिथपर्यंत जबाबदारी. सिमकार्ड बदलणाऱ्यांनी हेच केले. ते त्यांना सहज करता आले, याचे श्रेय मात्र भक्तीला नाही. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय कायद्याने आहे, म्हणून. ती नसती तर निषेध करायचा म्हणजे नंबरावर पाणी सोडायचे, आणि मग किती जणांनी तो केला असता? ज्या मठाला आपल्या तत्त्वांशी विसंगत वाटणाऱ्या होस्टिंग कंपनीकडून उठता येत नाही, त्याच्या तत्त्वांना व्यवहारात अर्थ राहत नाही. नाव आणि जागा वेगवेगळ्या ठिकाणी घ्यावी असे वर म्हटले ते यासाठी.

त्याच परंपरेतली अपरिग्रहाची शिकवणही इथे लागू पडते, आणि ती बहिष्कारापेक्षा स्वस्त आहे. अभिषेकाच्या नोंदणीसाठी नाव, नक्षत्र, गोत्र, मोबाइल, पत्ता, जन्मतारीख सारे विचारणारा अर्ज वेबसाइटवर असतो. त्यातले निम्मे कधीच वापरले जात नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार अशी माहिती गोळा करणारी संस्था विश्वस्ताच्या जागी असते. होस्टिंग कंपनी तिच्या वतीने माहिती हाताळते, आणि हाताळणाऱ्याकडून चूक झाली तरी मुख्य जबाबदारी संस्थेचीच राहते. अन्वाहित ठेवीचा विचार आधुनिक कायद्यातही अशा रीतीने पोचला आहे. जी माहिती गोळाच केली नाही ती हरवत नाही.

राहिला प्रश्न सोयीचा. बहुतेक मठ-मंदिरांना सामायिक होस्टिंग पुरते, म्हणजे एका यंत्रावर अनेक वेबसाइटी. वर्षातले मोजके दिवस सोडले तर वाचक थोडे असतात. ते मोजके दिवस मात्र ठाऊक असतात: नवरात्र, जोतिबाची चैत्री यात्रा, आणि अंबाबाईचा किरणोत्सव, जेव्हा जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या आरंभी आणि नोव्हेंबरात मावळतीची किरणे गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोचतात. त्या दिवसांत थेट दर्शनाचे चलचित्र स्वतःच्या होस्टिंगवर ठेवू नये. ते चलचित्रांसाठीच्या सेवेवर ठेवावे आणि वेबसाइटवर फक्त दाखवावे. पाने आधीच तयार ठेवण्याची कॅशची सोय चालू असली की साधे होस्टिंगही गर्दी सोसते. एवढ्याने भागत नसेल तरच स्वतंत्र आभासी सर्व्हर (व्हीपीएस) घ्यावा, आणि तो सांभाळणारा माणूस असेल तरच. सर्व्हर भारतात, शक्यतो मुंबई परिसरात असला तर कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला पान लवकर उघडते. दराचा विचार सगळ्यांत शेवटी, आणि तो तीन वर्षांच्या नूतनीकरणाच्या दराने करावा.

सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्या निमित्ताने जुने विश्वस्त नव्यांना दप्तर, शिक्के, बँकेची पुस्तके आणि मालमत्तेची यादी देतात. डोमेनची नोंद, होस्टिंगचे खाते, त्याच्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक, पासवर्डांचे बंद पाकीट आणि शेवटच्या बॅकअपची तारीख त्याच यादीत असायला हवीत, आणि ती मोजून दिली-घेतली म्हणून दोघांच्या सह्या.